परसात साप दिसला तर...



पावसाळ्यात बिळात पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधत परसात येतात.

साप दिसला, की आधी लांब उभं राहावं.

महाराष्ट्रातले प्रमुख विषारी साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. उंदरांमागे येणारी लांबलचक धामण बिनविषारी.

गफलत होते ती मण्यार आणि कवड्या यांच्यात. दोघांच्याही अंगावर पांढरट पट्टे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, मानेकडे पुसट. बिनविषारी कवड्याचं नेमकं उलट. पण ही ओळख लांबूनच. शंका आली, तर साप विषारीच समजावा.

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, सुजतही नाही. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.

सरपण भिंतीपासून दूर रचावं. सांडलेलं धान्य झाडून घ्यावं. उंदीर कमी, तर सापही कमी.

साप चावलाच, तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

पुन्हा एकदा. लांब उभं राहा. साप मारू नका. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.