नांगर न सोडतां झालेले पाद्री

(गांवच्या मंडळींपुढें एका खेड्यांतील शाळामास्तरानें केलेलें भाषण)



दिवसभर राबून तुम्ही येथें आलां आहां, तेव्हां फार लांबण लावीत नाहीं. मी ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून आलेला खेड्यांतला मास्तर. आजची हकीकत आपल्या मुलखाची नाहीं आणि येथें बसलेल्या बहुतेकांच्या धर्माचीहि नाहीं. ती परदेशांतील ख्रिस्ती पाद्र्यांची आहे. पण तींतला प्रश्न तुमच्या-माझ्या घरांतला आहे, म्हणून ऐका.

मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला म्हणून देश आहे. मका, कॉफी आणि ऊंस पिकविणारा. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी तेथें १८८२ सालीं गेले. पुढें खेडोपाडीं ख्रिस्ती मंडळ्या झाल्या. मंडळी म्हटली कीं तिला पाद्री हवा. त्यासाठीं १९३८ सालीं पाठशाळा निघाली. ती राजधानींत चाले. खेड्यांतला तरुण आणायचा, शहरांत ठेवायचा आणि पाद्री करून परत धाडायचा, असा बेत.

सुमारें पंचवीस वर्षांनीं, १९६२ मध्यें, हिशेब मांडला. दोनशेंहून अधिक विद्यार्थी पाठशाळेंत येऊन गेले होते. त्यांतले पाद्र्याचें काम करणारे उरले होते फक्त १०! पायलीभर पेरलें आणि ओंजळभर आलें. मग दोष बियाण्याचा कीं पेरणाऱ्याचा?

विचार केला तेव्हां दोन गोष्टी कळल्या. पहिली, शहरांत राहिलेल्या पोराला खेड्याच्या चिखलवाटा पुन्हां गोड लागेनात. दुसरी त्याहून मोठी. ज्याचा शब्द गांव मानतो तो माणूस बायकापोरांचा धनी असतो. त्याला जमीन असते, धंदा असतो. तो घर टाकून तीन-चार वर्षें जाणार कसा? म्हणजे गांवानें ज्याला मानलें त्याला पाठशाळेचें दार बंद, आणि ज्याला दार उघडें तो गांवांत राहीना.

राल्फ विंटर, जेम्स एमरी या मिशनऱ्यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं पाठशाळाच शहरांतून उचलली आणि सान फेलिपे या गांवीं, शेतीच्या मुलखांत नेली. तरीहि भागेना. थोड्या अंतरावरच्या शेतकऱ्यालाहि रोजचें काम सोडून येतां येईना. तेव्हां १९६३ पासून त्यांनीं रीतच उलटी केली. विद्यार्थ्यानें मास्तराकडे जायचें नाहीं, मास्तरानें विद्यार्थ्याकडे जायचें. जागोजाग केंद्रें केलीं. आठवडाभर माणसानें आपलें काम करून घरीं धडा वाचायचा. आठवड्यांतून एकदां मास्तर केंद्रावर येणार, धडा तपासणार, अडलेलें सोडविणार. पुस्तकेंहि तशींच लिहिलीं : थोडें वाचा, प्रश्न सोडवा, उत्तर ताडून पहा, मग पुढें चला. कोणी प्राथमिक शाळेपुरता शिकलेला, कोणी अधिक. विषय तेच, पुस्तकाची पायरी मात्र ज्याच्या त्याच्या शिक्षणाप्रमाणें. थोड्याच वर्षांत शिकणारे शंभरांवर गेले. ही रीत पुढें अनेक देशांत पसरली. १९७१ सालीं बंगळुरासहि तिची संस्था निघाली.

हें सोपें होतें असें समजूं नका. दिवसभर कुदळ मारलेल्या माणसाला रात्रीं पुस्तकावर डुलकी येते. पण त्या माणसाला शिकलेलें दुसऱ्याच दिवशीं गांवांत वापरतां येतें, हा लाभ लहान नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. आपल्या शाळेंत एका सुताराचा पोरगा फार हुशार होता. मींच त्याच्या बापाला म्हटलें, "दादा, याला शहरांत धाडा." बापानें दुभती गाय विकली. पोरगा शिकला आणि तिकडेच राहिला. पैसे येतात, पोरगा येत नाहीं. तो बाप या सभेंत बसला आहे. त्यानें मला कधीं बोल लावला नाहीं, म्हणूनच तें मला जास्त लागतें.

पोरांना शहरांत धाडूं नका असें मी म्हणत नाहीं. जरूर धाडा. पण जे गेले नाहींत, ज्यांना जातां आलें नाहीं, त्यांचें शिक्षण संपलें असें आपण धरून बसलों, ही चूक मीं केली. बापाला शिकवायचें मला सुचलेंच नाहीं.

शाळेची किल्ली माझ्याजवळ आहे. येत्या सोमवारपासून, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, मी दार उघडें ठेवीन. सातबारा वाचायला, अर्ज लिहायला, हिशेब ठेवायला जो येईल त्याला शिकवीन. बायांनींहि यावें. दादा, पहिल्या दिवशीं तुम्ही या.