मेलेल्यांतही वरचे आणि खालचे

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. दहावी पास झालेला, गोदीत कंत्राटावर राबणारा हमाल आहे. दिवसा ओझी उचलतो, रात्री अंगात जीव उरला तर कविता लिहितो. संयोजकांनी 'दहशतवाद आणि आपण' हा विषय दिला. पहिल्यांदा वाटलं, ह्यात 'आपण' कुठं आलो? टीव्हीवाले दहशतवाद दाखवतात त्यात आपण नसतोच. मेलेल्यांत नसतो, रडणाऱ्यांत नसतो, चर्चेच्या चौकटीत तर नसतोच नसतो. म्हटलं, मग बोलायचं ते ह्याच्यावरच.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. दहा जण समुद्रातून आले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले तेव्हा त्यांना हटकलं ते कोळ्यांनी, कुठल्या गुप्तहेर खात्यानं नाही. मग लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस, कामा हॉस्पिटल. आणि आपलं व्हीटी. एकूण १६६ माणसं मेली, त्यातली ५८ एकट्या व्हीटीत. दुसऱ्या कुठल्याही एका जागी इतकी माणसं मेली नाहीत. कोण होती ही? लांबच्या गाडीची वाट बघत फरशीवर चादर टाकून बसलेली. बोचक्याला टेकलेली. हिंदू होती, मुसलमान होती. पोटासाठी ह्या शहरात आलेली आणि चार दिवस गावाला निघालेली.

आता सांगा, तीन दिवस टीव्हीवर काय दिसलं? ताजचा घुमट. ताजचा धूर. ताजच्या खिडक्या. व्हीटीत दुसऱ्या दिवशी लोकल चालू झाल्या, आणि जिथं ५८ माणसं पडली त्या फरशीवरून आपण कामाला गेलो. ताजमध्ये मेले त्यांच्यावर माझा राग नाही. तिथले वेटर, आचारी पाहुण्यांना वाचवताना मेले. तेही कामगारच. राग आहे तो कॅमेऱ्यावर. ह्या भडव्यांनी मरणालाही वर्णव्यवस्था लावली. त्याच रात्री आमच्या गोदीला लागून वाडीबंदरला टॅक्सीतला बॉम्ब फुटला, माणसं मेली. ज्या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहे, तिथली ही गोष्ट. तुमच्यातल्या किती जणांना ती माहीत आहे? हात वर करा. बघा.

आणि हे दाखवणं नुसतं पक्षपाती नव्हतं, जीवघेणं होतं. कमांडो कुठून चढतात, कुठल्या मजल्यावर गेलेत, सगळं लाइव्ह. तिकडे पाकिस्तानात बसलेले त्यांचे बाप तेच बघून फोनवर इथल्या पोरांना हुकूम देत होते. हे मी म्हणत नाही, २०१२ साली सुप्रीम कोर्टानं कसाबच्या निकालात वाहिन्यांना खडे बोल सुनावले. अशा कारवाईच्या लाइव्ह प्रक्षेपणावर कायद्यानं बंदी यायला २०१५ उजाडलं.

मग आलं ते 'स्पिरिट ऑफ मुंबई'. बघा, मुंबई कशी डगमगत नाही, बॉम्ब फुटला तरी सकाळी कामावर हजर! अरे, हजर नाही राहणार तर काय करणार? रोजंदारीवाल्याचा खाडा कोण भरून देणार, तुझी वाहिनी? ज्याला तुम्ही धैर्य म्हणता ती आमच्या पोटाची सक्ती आहे. भीती आम्हालाही वाटते. पण घाबरून घरी बसायला शिल्लक लागते.

३ डिसेंबर २००८ ला गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. पुढाऱ्यांना शिव्या घातल्या. दुःख खरं होतं, नाही म्हणत नाही. पण पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ ला, लोकसभेचं मतदान झालं तेव्हा दक्षिण मुंबईत मतदान पडलं चाळीस टक्क्यांच्या आसपास. मताची किंमत कुणाला कळते? ज्याच्या आजाला विहिरीचं पाणी नव्हतं आणि बाबासाहेबांनी मत मिळवून दिलं, त्याला.

आता सरकार. शिवराज पाटील गेले, विलासराव गेले, आर. आर. पाटील गेले. आर. आर. परत आले. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर छातीत गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवलं, हातात होती लाठी. ओंबळेंना अशोकचक्र मिळालं, हा मान त्यांचाच. पण एके-४७ समोर शिपायाला लाठी देऊन कुणी पाठवलं, त्याला काय मिळालं?

त्याच डिसेंबरात दिल्लीनं दोन कामं केली. एनआयए काढली आणि यूएपीए कडक केला. जामीन अवघड, कोठडी लांब. मित्रांनो, कान उघडून ऐका. दर स्फोटानंतर एक कायदा येतो आणि तो कायदा हळूहळू चालत आपल्या वस्तीपर्यंत येतो. १९८५ चा टाडा आठवा. देशभरात पंचाहत्तर हजारांवर माणसं आत टाकली, दोन टक्क्यांवरही गुन्हा शाबित झाला नाही. यूएपीएखाली आनंद तेलतुंबडे आत गेले ती तारीख होती १४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांची जयंती! सुधीर ढवळे २०१८ साली आत गेले आणि जामिनावर सुटले २०२५ च्या जानेवारीत. खटला उभा राहायच्या आधीच साडेसहा वर्षं. दहशतवाद्यांसाठी केलेल्या कायद्यात कोण बसवलं, बघा.

११ जुलै ही तारीख ध्यानात ठेवा. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि जाब विचारणाऱ्या आपल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा मेले. २००६ च्या ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. ह्या खटल्यात २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. एक जण तोवर तुरुंगातच मेला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. पण मला सांगा, आरोपींची एकोणीस वर्षं गेली आणि ज्यांची माणसं लोकलमध्ये फाटली त्यांच्या हातात काय आलं? गुन्हेगार पकडणं वेगळं आणि कुणीतरी पकडणं वेगळं. दुसऱ्यानं टीव्हीची भूक भागते, न्याय होत नाही.

लोक म्हणायचे, कसाबला कोर्ट कशाला, वकील कशाला, द्या गर्दीच्या हाती. मी म्हणतो, बाबासाहेबांच्या घटनेचा विजय असेल तर तो हाच, की कसाबलाही वकील मिळाला, पुरावा तपासला गेला आणि मग फाशी झाली, २१ नोव्हेंबर २०१२ ला, येरवड्यात. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, ते पुराव्याअभावी सुटले, सुप्रीम कोर्टापर्यंत सुटले. गर्दीच्या हाती दिलं असतं तर तेही लटकले असते. गर्दीचा न्याय काय असतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत तोच न्याय झाला. एका घरातली चार माणसं गावानं ठेचून मारली. मोठ्या पेपरांना ते दिसायला महिना लागला. आपली पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा सरकारला त्यांच्यात नक्षलवादी दिसले. अख्ख्या तालुक्याला मान खाली घालायला लावणारी ही दहशत नाही तर काय? तिच्यासाठी कुठला कमांडो येत नाही.

एवढं बोलून कुणी म्हणेल, हा अतिरेक्यांची वकिली करतो. नाय भावा. धर्म विचारून गोळी घालणारा माझा कुणी लागत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली, त्यात अडवायला गेलेला काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. हे खून आहेत. पण त्यानंतर काय झालं तेही सांगतो. आमच्या टोळीत मालद्याचा एक मुसलमान पोरगा आहे. मुकादम म्हणाला, ह्याला उद्यापासून आणू नका, वरून सांगितलंय. पास होता, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, आधार होतं. टोळीतले आम्ही अकरा जण, बौद्ध, मराठा, भय्ये, म्हणालो, तो नाही तर कुणीच नाही. दोन दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी त्याला घेतलं आणि आमचा दोन दिवसांचा रोज गेला. गेला तर गेला. १९९३ चं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा लाच खाऊन डोळे मिटणाऱ्या कस्टमच्या साहेबांना आणि पोलिसांना शिक्षा झाल्या आहेत. आणि संशय हमालाचा!

मेमध्ये टीव्हीवाले बोंबलत होते, कराची बंदर उडवलं! रात्रपाळीच्या सुट्टीत पोरं मोबाइलवर बघत होती. सगळं खोटं निघालं. पण त्या घटकेला मला दिसलं ते वेगळंच. बंदर उडतं तेव्हा जनरल उडत नाही. रात्रपाळीचा हमाल उडतो. इथला असो, तिथला असो.

तेव्हा काय करायचं? पुढच्या वेळी कुणी बॉम्ब फोडला तर पहिल्यांदा रक्त द्यायला जायचं. मग विचारायचं, मेले ते कोण, त्यांची नावं सांगा, सगळ्यांची. व्हीटीच्या फरशीवरच्यांचीही. पकडला त्याच्याविरुद्ध पुरावा काय, विचारायचं. नवा कायदा आला तर त्याचं कलम न् कलम वाचायचं, कारण तो आपल्याकडे येणार आहे. आणि शेजारच्या मुसलमानाच्या दारावर कुणी दगड घेऊन आला, तर दारात उभं राहायचं. गावकुसाबाहेर काढलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

जय भीम.