पाठ टेकण्यापुरती जागा



२०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळात नि रेल्वेच्या फलाटावर झोपणाऱ्यांची मोजणी झाली. देशात अशी १७ लाखांहून अधिक माणसे भरली. त्यांपैकी २ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. ही माणसे तिथेच का पडून राहतात, एवढाच प्रश्न आम्ही आज राजोडीकरांपुढे मांडणार आहोत.

समाजाचे उत्तर ठरलेले असते: आळशी आहेत, व्यसनी आहेत! कायद्यानेही हीच री ओढली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असे वाटते, अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसविले. हात पसरायलाच हवा असे नाही. दारिद्र्य नजरेस पडले की पुरे.

१९८१ साली ऐन पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या उठविण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला तो हाच. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने १९८५ साली निर्णय दिला. माणूस पदपथावर राहतो तो कामाच्या ओढीने, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे न्यायालयाने मान्य केले. पदपथ अडविण्याचा हक्क मात्र मानला नाही. पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास मोकळीक दिली. तत्त्व पदरात पडले, जागा काही पडली नाही.

आता आपल्या वसई-विरारकडे पाहू. येथे इमले उठतात ते नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांच्या हातांनी. विटा पाडायला कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात, भट्टीशेजारी खोपटात राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे श्रम आम्हांला हवे असतात. रात्र पडली की तीच माणसे आम्हांला अडचण वाटू लागतात.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरांत एक लाख वस्तीमागे शंभर बेघरांच्या निवाऱ्याचे प्रमाण घालून दिले. २०११ साली वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर होती. हिशेब सोपा आहे: किमान बाराशे माणसांची सोय. पण ती कुठे करायची? गावाबाहेर, माळावर बांधलेला निवारा ओसच पडणार. पहाटे नाक्यावर पोहोचता आले नाही, तर मजुराचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी, जिथे गोरगरीब मुळातच येत होते. निवारा माणसाच्या वाटेवर हवा, हे त्या निरक्षर साधूला पुरते ठाऊक होते.

तेव्हा निवारा स्थानकाजवळ, मजूरनाक्याजवळ, म्हणजे आपल्याच वस्तीत येईल. “सोय करा, पण आमच्या आळीत नको,” हे उत्तर आजवर पुष्कळांनी दिले आहे. महानगरपालिकेकडे मागणी करण्याआधी या उत्तराचा विचार आपण आपल्याच घरी बसून करावा, एवढे विनवून आम्ही थांबतो.