पेट्रोलचा भाव आणि आपला हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



आजच्या सभेत पेट्रोलच्या भावावर चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा आमच्या घरातली पुरुषमंडळी जरा हसली. हळदीकुंकू, पाककृती, मुलांचे संगोपन हे विषय सोडून बायका पंपावर केव्हापासून गेल्या, असा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, दांडीत येऊन पाहा. बोईसरला कारखान्यात जाणाऱ्या मुली स्कूटरवर जातात, म्हावऱ्याच्या पाट्या टेम्पोने जातात, आणि बोट समुद्रात जाते ती डिझेलवर. हा पैसा शेवटी ज्या डब्यातून निघतो त्या डब्याची किल्ली बहुधा आपल्याच कमरेला असते.

तेव्हा आधी भाव कळतो कसा ते सांगते. १६ जून २०१७ पासून आपल्या देशात पेट्रोल-डिझेलचा भाव रोज ठरतो आणि सकाळी सहा वाजता लागू होतो. तेल कंपन्यांनी मोबाईलवर आपापली अ‍ॅप काढली आहेत. त्यांत जवळचे पंप नकाशावर दिसतात आणि त्या दिवसाचा भावही दिसतो. ज्यांचा मोबाईल साधा आहे त्यांनी खट्टू होऊ नये. इंडियन ऑईलच्या पंपाचा भाव पाहिजे असेल तर इंग्रजी आर, एस, पी ही तीन अक्षरे, मग थोडी जागा सोडून त्या पंपाचा क्रमांक लिहून ९२२४९९२२४९ या नंबरवर संदेश पाठवावा, उत्तर येते. पंपाचा क्रमांक पंपावरच विचारून घ्यावा, एकदाच लागतो.

परदेशात या साधनांचे मोठे कौतुक आहे आणि ते रास्तही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ सालापासून प्रत्येक पंपवाल्याला उद्याचा भाव आज दुपारीच सरकारला कळवावा लागतो, आणि तो मग चोवीस तास बदलता येत नाही. जर्मनीत २०१३ पासून पंपावर भाव बदलला की लगेच सरकारी कचेरीत नोंद होते आणि ती सर्वांना मोबाईलवर दिसते. तिकडे एकाच पंपावर सकाळचा भाव वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. अशा ठिकाणी भाव पाहून पेट्रोल घेणारीचे पैसे खरोखर वाचतात.

आपल्याकडे गोष्ट निराळी आहे. तीन सरकारी कंपन्यांच्या पंपांचे एकाच गावातले भाव पाहिले तर फरक निघतो तो पैशांचा. खाजगी कंपन्या कधी कमी घेतात, कधी जास्त. २०२३ साली नायरा कंपनीने काही काळ लिटरमागे एक रुपया कमी घेतला होता. पण समजा, दोन किलोमीटर लांबच्या पंपावर २० पैसे स्वस्त आहे. पाच लिटरला वाचला एक रुपया. जाऊन-येऊन चार किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरने तेवढ्यात नऊ रुपयांचे पेट्रोल जाळले. एका रुपयासाठी नऊ रुपये! भाजीबाजारात आपण असे कधी करणार नाही, पण आकडा मोबाईलवर दिसला की माणसाला वाटते, हा काही वेगळाच फायदा आहे.

मोठा फरक आहे तो आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पेट्रोलवर शेकडा २५ कर आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार असा हिशेब लागला, आणि मुंबईचा भाव १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास आला. गुजरातेत कर बराच कमी, म्हणून तिथे लिटरमागे नऊ-दहा रुपयांचा फरक पडला. बोर्डीकडच्या माणसांना झाई ओलांडून उंबरगाव जवळ. ती मंडळी त्याचा लाभ घेतात. आपण दांडीहून निघालो तर चाळीस किलोमीटरांहून जास्त जावे लागते. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावले तर वाचले ४५ रुपये, आणि जाण्यायेण्यात जळाले १८० रुपयांच्या आसपास. डबे भरून आणण्याचा विचार कोणी करीत असेल तर कृपा करून करू नये. ज्या घरात चूल किंवा शेगडी पेटते त्या घरात पेट्रोलचा डबा ठेवणे म्हणजे विंचू उशाशी घेऊन निजणे आहे.

पण वापीला लग्न आहे, सुरतेला पाहुण्यांकडे जायचे आहे आणि गाडी जातेच आहे, तर गोष्ट वेगळी. निघताना जाण्यापुरतेच पेट्रोल घ्यावे आणि परतताना वेशीच्या अलीकडे न येता पलीकडेच टाकी भरावी. ३० लिटर घेतले तर २७० रुपये सहज वाचतात. हा खरा उपयोग! त्या दिवशीचे दोन्हीकडचे भाव मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत, कारण कर बदलतात.

भाव कमी असून माप कमी असेल तर काय मिळवले? एका लिटरला शेकडा एक जरी माप कमी मिळाले तरी रुपयाहून जास्त गेला. २०१७ साली उत्तर प्रदेशात काही पंपांच्या यंत्रांत माप चोरणाऱ्या चिपा सापडल्या, आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यातही अशी यंत्रे पकडली. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचे पाच लिटरचे माप ठेवावे लागते. गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात मोजून दाखविणे पंपवाल्याला भाग आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, पुढे नाही. काही जणी शंभराऐवजी ११० रुपयांचे पेट्रोल मागतात, म्हणजे फसवणूक होत नाही म्हणतात. यंत्रातच खोड असेल तर ते ११० रुपयांनाही तशीच करील. त्यापेक्षा आकडा शून्यावर आहे ना ते पाहावे, आणि सांगितल्याशिवाय महागातले पेट्रोल नळीतून येत नाही ना तेही पाहावे. हवा फुकट मिळते, तीही मागून घ्यावी. चाकात हवा कमी असली की पेट्रोल जास्त जाते.

आता बोटीकडे वळते, कारण तिथे रक्कम मोठी असते. घाऊक डिझेल आणि पंपावरचे डिझेल यांचे भाव वेगळे असतात, हे पुष्कळांना २०२२ साली प्रथम कळले. एरवी घाऊक घेणाऱ्याला थोडे स्वस्त पडते. पण युक्रेनचे युद्ध सुरू झाले, जगात तेल भडकले, आणि पंपावरचा भाव तेवढा अडवून धरला गेला. त्या मार्चमध्ये मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे, आणि घाऊक १२२ रुपये ५ पैसे. मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत धरले गेले आणि बोटवाल्यांची पंचाईत झाली. ५०० लिटर डिझेल भरायचे तर फरक झाला जवळजवळ १४,००० रुपयांचा. एसटी महामंडळानेसुद्धा तेव्हा आपल्या आगारांतले पंप बाजूला ठेवून गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर नेल्या. एवढे मोठे महामंडळ भाव ताडून पाहते, तर आपण का पाहू नये? संस्थेतून डिझेल घेतल्यावर कराची परतफेड मिळते ती हिशेबात धरावीच. पण ती केव्हा हाती येते आणि तोवर व्याज किती भरतो, हेही त्याच पानावर लिहावे.

शेवटी टेम्पोचे सांगते, कारण गेले काही दिवस हेच माझ्या डोक्यात आहे. डिझेल वाढले की टेम्पोवाला भाडे वाढवितो आणि आपण मुकाट्याने देतो. आता उलट बाजू पाहू. मे २०२२ मध्ये केंद्राने कर कमी केला तेव्हा डिझेल सुमारे सात रुपयांनी उतरले, जुलै २०२२ मध्ये राज्याच्या करकपातीने आणखी तीन रुपये, आणि मार्च २०२४ मध्ये दोन रुपये. एकूण झाले बारा. टेम्पो लिटरला १२ किलोमीटर चालतो असे धरू, आणि जाऊन-येऊन ३० किलोमीटर. अडीच लिटर डिझेल लागले, म्हणजे एका खेपेला ३० रुपये खर्च कमी झाला. दहा जणी बसत असतील तर प्रत्येकीमागे तीन रुपये, आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ रुपये. भाडे उतरले का? टेम्पोवाल्यालाही टायर आहेत, दुरुस्ती आहे, विमा आहे, घरी मुले आहेत. त्याच्यावर राग धरण्याचे कारण नाही. पण पुढच्या वेळी तो पाच रुपये वाढवून मागेल तेव्हा डिझेल किती वाढले हे आपल्याला ठाऊक असले, तर बोलणे समोरासमोर होईल. डिझेल लिटरला पाच रुपये वाढले तर प्रत्येकीमागे फरक पडतो सव्वा रुपयाचा. बाकीचे पावणेचार रुपये कशाचे, एवढे विचारायला हरकत नाही, आणि दहा जणींनी मिळून विचारले तर उत्तरही मिळते.

त्यासाठी माझी एक सूचना आहे. मंडळाच्या खोलीत एक वही ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बोईसरच्या पंपावरचा पेट्रोलचा आणि डिझेलचा भाव, संस्थेच्या पंपावरचा डिझेलचा भाव आणि त्या दिवशीचे टेम्पोचे भाडे असे चार आकडे तीत लिहावेत. काम पाच मिनिटांचे आहे. ज्यांच्या मुली कॉलेजात जातात त्यांनी पाळीपाळीने त्यांना हे काम द्यावे. जून आणि जुलै हे दोन महिने बंदीमुळे बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हा वही सुरू केली तर ऑगस्टमध्ये हंगामाचे आणि भाड्याचे बोलणे निघेल त्या वेळी दोन-तीन नोंदी हाताशी असतील. वही मी आणली आहे, ती चिटणीसबाईंच्या हाती देते.