सही करण्याआधी पोटाचे ऑपरेशन समजून घेऊ
(नाशिक जिल्हा बैठकीतील मांडणी)



बैठकीत आजवर कापसाच्या भावाची, कडब्याची, वीजबिलाची चर्चा झाली. आज परसाकडच्या जागेची चर्चा करायची आहे. ज्यांना हसायचे त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, कारण या लाजेपायी माणसे मरताना आम्ही पाहिली आहेत.

येवला, नांदगाव, मालेगावकडच्या आजाऱ्यांबरोबर आम्ही नाशिकच्या दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसतो. तिथे ऐकू येणारी कहाणी बहुतेक एकच असते. परसाकडे रक्त पडू लागले. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिले. मग एस.टी. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली ‘बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात वाचली, पुड्या आणल्या, कुणी इंजेक्शन टोचून घेतले. वर्ष गेले. नंतर खऱ्या डॉक्टरने बोट घालून तपासले तेव्हा गाठ हाताला लागली. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि तिला हातमोज्याशिवाय काही लागत नाही. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. तरी वर्षभर ती कुणी केली नाही, कारण आजाऱ्याने सांगितले नाही आणि पुड्यावाल्याने विचारले नाही.

मायबहिणींचे तर आणखी वेगळे. पिढ्यान् पिढ्या त्या पहाटे अंधारात बाहेर जात आल्या. अंधारात रक्ताचा रंग कुणाला दिसणार? आता बऱ्याच घरी संडास झाले आहेत, तेव्हा एकदा वळून बघायची सवय लावून घ्या.

रक्त पडते म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही. बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशर म्हणजे चीर निघते. चिरेचे दुखणे सुरी फिरल्यासारखे असते, तर मूळव्याधीचे रक्त बहुधा न दुखता पडते. पण कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही, मग काळजी नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. रक्त पडते, परसाकडची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, वजन उतरते आहे, किंवा चांगल्या कर्त्या माणसाच्या अंगात रक्त कमी निघते आणि कारण सापडत नाही, अशा वेळी दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. वय कमी आहे म्हणून गाफील राहू नये. आपल्या देशात या आजाराचे चाळिशीच्या आतले रुग्णही बरेच सापडतात. तपासणीआधी भाकरी बंद असते आणि पावडर घातलेले पाणी पिऊन आतडे धुऊन काढावे लागते. रात्रभर हेलपाटे होतात, एवढाच काय तो त्रास. आतड्यात नुसता कोंब असेल तर तो दुर्बिणीतूनच काढतात. अशा कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तण बी धरण्याआधी उपटावे, तसे हे काम.

१९८५ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्यात अशीच गाठ दुर्बिणीने सापडली. दुसऱ्या दिवशी सुमारे दोन फूट आतडे काढले. ते आठवडाभरात घरी गेले, पुढे साडेतीन वर्षे राज्य केले आणि २००४ साली ९३ व्या वर्षी वारले. त्यांच्या आतड्यावर सगळ्या जगाने वर्तमानपत्रात चर्चा केली, आणि आपण सख्ख्या भावाला सांगायला लाजतो! ते राष्ट्राध्यक्ष होते, त्यांना कुणी पुढची तारीख दिली नाही, हे खरेच. पण गाठ वेळेवर सापडली हेही तितकेच खरे. अमेरिकेच्या आकड्यांत गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वदच्या आसपास जिवंत असतात. यकृतात, फुफ्फुसात पसरल्यावर सापडली तर पंधराच्या आसपास.

आता ऑपरेशनविषयी. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते आणि त्याचे मुख्य काम पाणी शोषून घेण्याचे. म्हणून त्याचा तुकडा, वेळ आली तर सगळे आतडे काढले तरी माणूस जगतो. गाठीच्या दोन्ही बाजूंचा चांगला भाग आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाटेवरच्या लसिका गाठी काढतात आणि उरलेली टोके जोडतात. गाठ गुदाशयात, म्हणजे शेवटच्या वीतभर भागात, असेल तर काम नाजूक होते. तिथे पुष्कळदा आधी किरणोपचार आणि औषधे देतात, ऑपरेशन काही आठवड्यांनी करतात. ‘डॉक्टर टोलवतोय’ असे समजून लोक उठून घरी येतात. तो टोलवत नसतो, गाठ लहान करून घेत असतो.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते पोटावरच्या पिशवीला. ती का लावतात, हे पाइपलाइन टाकणाऱ्याला सांगायला नको. नवा जोड ओला असताना आपण पाणी सोडत नाही, वरच्या बाजूला काढून देतो. खाली केलेला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटावर काढतात आणि मळ पिशवीत घेतात. दोनतीन महिन्यांनी, कधी औषधे संपल्यावर, ते तोंड बंद करतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली असेल तर मात्र पिशवी कायमची. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने १९०८ साली हे ऑपरेशन मांडले तेव्हापासून असंख्य माणसे पिशवी लावून कामधंदा, संसार करीत आली आहेत. मुंबईचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. पिशवी लावायला, धुवायला शिकवणारे स्टोमा क्लिनिक तिथे चालते. भोकाची जागा ऑपरेशनआधी उभे राहून, बसून, वाकून ठरवून घ्यावी. धोतराची गाठ, साडीचा ओचा, पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा कुठे येतो, हे डॉक्टरला कसे कळणार? ते आपणच सांगायचे.

लहान आतड्याची पिशवी असेल तर पाणी आणि मीठ भराभर निघून जाते. वैशाखात रानात गेलेला माणूस चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. मीठ-साखरेचे पाणी बरोबर पाहिजे. लघवी कमी झाली, पिशवी सारखी भरू लागली तर लगेच दवाखाना.

सहीचा कागद पुढे आला की विचारा : गाठ नेमकी कुठे, किती पसरलेली? पिशवी लागेल का, किती दिवस? जोड गळाला तर काय करणार? गुदाशयाच्या जोडात शंभरात पाच-दहा जणांना हे होते. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ताप आला, पोट दुखून फुगले तर ती रात्र घरी काढायची नाही. लघवीच्या आणि नवरा-बायकोच्या संबंधाच्या शिरा तिथूनच जातात, त्यांचे काय? तरुणाने हे जरूर विचारावे. नंतर काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मागून घ्या. त्यात साधारण बारा तरी लसिका गाठी तपासलेल्या असाव्यात. डॉक्टरांच्या परीक्षा घेणारे राज्याचे आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात म्हसरूळला आहे. पाच-सहा तोंडी प्रश्न आपणही विचारले तर बिघडले कुठे?

‘कापूस निघू द्या, मग बघू.’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ऐकताच पोटात गोळा येतो. वेचणी दसऱ्यापासून लांबते, भाव पडलेला असतो, मग ज्वारीची काढणी, मग पोरीचे लग्न. गाठ आतडे बंद करते तेव्हा रात्री गाडी करून पोट फुगलेला माणूस आणावा लागतो. तेच ऑपरेशन, पण धोका किती तरी जास्त आणि हातात पैसा नाही. रान विकायची पाळी येते ती अशा रात्री. तारीख मिळाली की पेरणी-वेचणीचे भावकीत वाटून घ्या, पण तारीख मोडू नका.

खर्चासाठी सावकाराकडे जाण्याआधी रेशनकार्ड काढा. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, पांढऱ्या कार्डासकट. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेत नोंदलेला पाहिजे. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. आधी पैसे भरून मागाहून योजना लावू, असे कुणी म्हणाले तर पैसे भरू नका.

ऑपरेशननंतर आजाऱ्याला अंथरुणाला खिळवून, भेटायला येणाऱ्यांच्या गराड्यात ठेवायची आपली रीत सोडा. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की लवकर चालवले, लवकर प्यायला-खायला दिले तर माणूस लवकर सावरतो. तंबाखू-विडी निदान चार आठवडे आधी बंद. पुढे सहा-आठ आठवडे पोते नाही, पंप नाही. सुरुवातीला मऊ भात, मग डॉक्टरने सांगितले की आपली ज्वारीची भाकरी आहेच.

ज्याला हा कॅन्सर झाला त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची आणि मुलांची दुर्बीण चाळिशीत, किंवा आजाऱ्याच्या तेव्हाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, जे आधी येईल तेव्हा करावी. बापाला पंचेचाळिसाव्या वर्षी निघाला असेल तर पोराची पस्तिसाव्या वर्षी, त्याला काही होत नसले तरी.