मेक्सिकोतील प्राध्यापक : डॉ. पांडुरंग खानखोजे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



परदेशगमन म्हटले की आपल्या समाजाला प्रथम आठवतात वीरचंद राघवजी गांधी. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले होते. साधूंच्या आचारमर्यादेमुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून वीरचंदजी प्रतिनिधी होऊन गेले. आजचे चरित्र मात्र अशा पुरुषाचे आहे, ज्याला कोणीही बोलावले नव्हते.

पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्यात जन्मले आणि नागपुरात शिकले. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने तरुणपणीच त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले, तेथील कृषी महाविद्यालयांत शिकले आणि १९१३ मध्ये उदयास आलेल्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीत उभे राहिले. पहिल्या महायुद्धात नाव व वेष बदलून ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को झाले. शस्त्राच्या त्या मार्गाविषयी अहिंसाधर्मीयांचा मतभेद राहणारच, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले. त्यांची अडचण मोठी विलक्षण होती. कृषिशास्त्राची पदवी होती, परंतु अर्जात लिहावयाचा पूर्वेतिहास असा, की तो इंग्रजांच्या हाती पडला तर बेडीच. ज्याचे नावच धोक्याचे, त्याने टपालाने अर्ज कसा धाडावा? त्याला स्वतःच जाऊन उभे राहावे लागते. कापडाचा पोत हाताला लागल्याशिवाय जाणता गिऱ्हाईक सौदा करीत नाही. माणसाचेही बरेचसे तसेच असते.

अर्थात ते अगदी अनोळखी दारी गेले नव्हते. कॅलिफोर्नियातील विद्यार्थिदशेत मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह जुळला होता. त्यांपैकी काही जण क्रांतीनंतर अधिकारपदावर आले होते. रामोन दे नेग्री हे त्यांतलेच एक, आणि त्यांच्याकडे कृषिखाते होते. दोन्ही बाजूंनी काही नसताना झालेली मैत्री अशी फळास आली. राजधानीजवळील चापिंगो येथे राष्ट्रीय कृषिविद्यालय नुकतेच एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात आले होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. शिकवावयाचे ते स्पॅनिश भाषेत, आणि विद्यार्थी शेतकऱ्यांच्या देशातले. माणसाचे शोषण नव्हे, तर जमिनीचा उपयोग शिकवावा, या आशयाचे त्या विद्यालयाचे ब्रीद आहे.

ओळखीने दार उघडते, परंतु आत टिकून राहणे ओळखीच्या हातात नसते. खानखोजे यांनी मका, गहू, कडधान्ये व रबर यांवर संशोधन केले. थंडी आणि अवर्षण सोसणाऱ्या जाती सिद्ध केल्या. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालविल्या. त्या कामात विख्यात चित्रकार डिएगो रिव्हेरा त्यांचे साथी होते, आणि रिव्हेरा यांच्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारा पुरुष म्हणून आपल्या विदर्भाचा हा सुपुत्र दिसतो. ज्या हातांनी बंदूक धरली, त्यांनीच पुढे तीसएक वर्षे धान्य जोपासले. हे परिवर्तन जैन श्रोत्याला त्यांच्या सर्व पराक्रमाहून मोठे वाटेल.

आपल्या घरांतील मुलेमुली आज परदेशी अध्यापनाच्या संधी शोधतात. त्यांनी खानखोजे यांचे अनुकरण शब्दशः करू नये. पर्यटनाच्या परवान्यावर जाऊन नोकरी धरणे आज बहुतेक देशांत बेकायदा आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी आणि कामाचा परवाना आधी लागतो. तथापि, केवळ कागद पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्याने हे चरित्र अवश्य वाचावे. तेथील शाळेत पूर्वी शिकविलेला कोणी आप्त वा परिचित असेल, तर त्याला भेटून यावे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे १९४९ मध्ये मायदेशी येण्यास निघाले. तेव्हा असे आढळले, की इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव अजून पुसले गेले नव्हते. मेक्सिकोत प्राध्यापकपद मिळविलेल्या या माणसाला स्वतंत्र भारताचा प्रवेश-परवाना प्रथम नाकारला गेला. पुढे तो मिळाला. १९५५ मध्ये ते कायमचे परतले, नागपुरात राहिले, आणि १९६७ मध्ये याच नगरीत त्यांनी देह ठेवला.