अंदमानांतील बंगला निवडतांना

आमच्या पिंपळे सौदागरांतलीं कुटुंबें हल्लीं सुटीसाठीं अंदमानांत बंगला भाड्यानें घेऊं पाहतात. चित्रांतलें निळें पाणी पाहून तो ठरवूं नये. आधीं पाऊस पाहावा. तेथें तो मे महिन्यांतच येतो व नोव्हेंबरांतही हटत नाहीं. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा.

मग सूर्य पाहावा. अंदमान पुण्याच्या सुमारें 19 अंश पूर्वेस, घड्याळ मात्र एकच. म्हणून जानेवारींत पांचानंतर लौकरच मावळतें. धक्क्यापासून दूरचा स्वस्त बंगला वृद्धांना अंधारांत महाग पडतो.

शेवटीं बोट पाहावी. समुद्र खवळला कीं स्वराजद्वीपाची बोट सुटत नाहीं. परतीच्या विमानापूर्वींची रात्र श्रीविजयपुरम् येथें, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरांतच काढावी. वर्षाची शिल्लक खर्चून नेलेली आजी सुखरूप परतली, म्हणजे निवड साधली.